तलावात औषध मारायचं की भुंगे सोडायचे? परवाच्या सभेवरून थोडं



परवाच्या सभेत काय झालं ते तुम्ही पाहिलंच. जे आले नव्हते त्यांच्यापर्यंत फोनवरून पोचलंच असेल, थोडं तिखट-मीठ लावून. विषय एकच होता, तलावातली जलपर्णी. आपल्यात कोणी तिला इकॉर्निया म्हणतं, तेलुगू बोलणारे भाऊ गुर्रपुडेक्का म्हणतात, म्हणजे घोड्याचं खूर. नाव काही घ्या, डोंगा अडतो तो अडतोच.

एक माणूस आला होता. दोन दिवसांत औषध फवारून पूर्ण तलाव साफ करून देतो म्हणाला, भावही सांगून गेला. निम्म्याहून जास्त हात वर झाले. मी ठरावावर सही केली नाही, एक महिना मागून घेतला. त्यावरून "सचिव साहेब ऑफिसात बसते, त्याले पाण्यातलं काय समजते" असं दोघं-तिघं बोलले. ठीक आहे. रागावलो नाही असं नाही, पण त्यांचं म्हणणंही समजतं. मागच्या हंगामात रात्रभर जाळं लावून सकाळी ओढलं तर मासे ओंजळभर आणि मुळं डोंगाभर, हे मी पण पाहिलं आहे. डोंग्यासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता जलपर्णी भरत नाही. दोन घरची पोरं हैदराबादला कामाला गेली ती या तलावामुळंच. म्हणून मी का थांबवलं ते नीट लिहून सांगतो. सभेत एवढं बोलायला कोणी देत नाही.

पहिले औषधाचं. फवारणीनं जलपर्णी मरते, हे खरं आहे, त्यात मी खोटं बोलणार नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये सरकार तेच करतं. पण ते दरवर्षी करतं, त्यासाठी वेगळे कर्मचारी आणि बोटी ठेवून. एकदा फवारलं आणि सुटलो असं तिथंही झालेलं नाही. या झाडाचं बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. वरचं मेलं की ऊन खाली पोचतं आणि बी उगवतं. राहिलेल्या दोन-चार झाडांपासून बाजूला फांद्या फुटून नवी झाडं होतात, चांगल्या हवामानात दोन आठवड्यांत दुप्पट. म्हणजे तो माणूस पुढच्या वर्षी परत येणार, आणि त्याला ते माहीत आहे.

दुसरं, एकदम मारलेली जलपर्णी जाते कुठं? तिथंच बुडते आणि सडते. दाट थराचं ओलं वजन हेक्टरी २०० टनांपर्यंत जातं, कधी वरही. एवढा पाला उन्हाळ्याच्या कमी पाण्यात एकाच वेळी सडला तर पाण्यातला प्राणवायू तो ओढून घेतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यानंतर काय होतं ते मी सांगायची गरज नाही. मरळ तग धरेल, तो वरची हवा घेतो. रोहू, कटला, मृगळ धरणार नाहीत.

आणि तिसरं, हे बहुतेकांच्या ध्यानात आलं नाही. तो माणूस टू-फोर-डी मारू म्हणाला. आपल्या तलावाच्या तिन्ही बाजूला कपाशी आहे. टू-फोर-डीचा नुसता वारा कपाशीला लागला तर पानं भेंडीच्या पानासारखी चिरून जातात, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. ज्यांच्या घरी डोंगा पण आहे आणि चार एकर पण आहे त्यांनी जरा विचार करावा. नाही तर ग्लायफोसेट मारू म्हणाला. त्याच्यावर २०२२ च्या ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचा नियम आहे, परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यानंच ते वापरायचं. त्याला परवाना विचारला तर "ते पाहून घेऊ" म्हणाला. पाहून घेऊ म्हणणाऱ्याच्या कागदावर सोसायटीचा शिक्का मी कसा मारू?

आता भुंग्यांचं. मी सभेत "किडे" म्हटलं आणि सगळे हसले. एका काकांनी तर म्हटलं, "आधीच बोंडअळीनं मारलं आमाले, आता तुमी आणखी किडे आणून सोडता काय?" हसू मला पण आलं. पण प्रश्न बरोबर आहे, आदिलाबादच्या कापूसवाल्यानं किड्याला घाबरायचं नाही तर कोणी घाबरायचं? म्हणून त्याचंच उत्तर आधी देतो.

जलपर्णी आपली नाही, दक्षिण अमेरिकेतली आहे. सुंदर जांभळं फूल म्हणून १८९० च्या दशकात कोणीतरी बंगालमध्ये आणली आणि तिथून ती देशभर पसरली. तिच्या गावी तिला खाणारे किडे आहेत, म्हणून तिथं ती मर्यादेत राहते. इकडं येताना ती एकटी आली, वैरी मागे राहिले. शास्त्रज्ञांनी तेच वैरी शोधले. नियोकेटिना नावाचे दोन भुंगे, तांदळाच्या दाण्याएवढे, राखाडी-तपकिरी, सोंडेवाले. हे १९८०-९० च्या दशकात चोरून-लपून आणलेले नाहीत. आणायच्या आधी बाहेरच्या देशांत आणि बेंगळुरूला त्यांना बंद पिंजऱ्यात ठेवून कितीतरी पिकं आणि झाडं खायला दिली. बाकी कशावर ते जगत नाहीत, त्यांची पिढी वाढत नाही. १९८३-८४ मध्ये सरकारी परवानगीनं ते भारतात सोडले गेले. चाळीस वर्षं झाली, त्यांनी कपाशी खाल्ली असं कुठं झालेलं नाही. खाऊच शकत नाहीत, कारण त्यांचं सगळं आयुष्य जलपर्णीवरच चालतं. मोठा भुंगा रात्री पान खरवडतो, मादी देठात अंडी घालते, अळी देठ पोखरत झाडाच्या गाभ्यापर्यंत जाते, आणि कोष करायच्या वेळी पाण्याखाली मुळांना चिकटून बसते. कपाशीला पाण्यात लोंबणारी मुळं असतात काय? बोंडअळीचं आणि यांचं नातं एवढंच की दोघांनाही आपण किडा म्हणतो.

असा घोळ याआधी झाला आहे, तोही सांगतो. गाजर गवत, वय्यारी भामा. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आलं, पुढं सगळा देश भरला. त्याच्यावर १९८३ मध्ये मेक्सिकोहून एक भुंगा बेंगळुरूला आणला आणि पुढच्या वर्षी सोडला. पिवळट, पाठीवर तपकिरी रेघा. पावसाळ्यात आपल्या बांधावरचं गाजर गवत चाळणी झालेलं दिसतं ना, बऱ्याच ठिकाणी ते त्याचंच काम असतं. काही वर्षांनी कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलाच्या पानावर दिसले आणि एकच ओरड झाली, बंद करा म्हणून. तपासलं तर शेजारच्या गाजर गवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसले होते, त्याला भुलून भुंगे तोंड लावत होते. सूर्यफुलावर त्यांची पिढी वाढत नव्हती. तेव्हा घाबरणं चूक नव्हतं, तपासायला लावणं तर बरोबरच होतं. आपणही विचारावं.

आणि बाहेरून आणलेलं सगळं भलं असतं असंही माझं म्हणणं नाही, गैरसमज नको. डास खाईल म्हणून गॅम्बुसिया मासा १९२८ मध्ये भारतात आणला, तो आपल्या लहान माशांची अंडी-पिल्लं खात सुटला. आफ्रिकन मांगूर नफ्यासाठी आणला, आता त्याच्या पालनावर बंदी आहे. फरक काय? गॅम्बुसिया समोर येईल ते खातो. मांगूर तर काहीही खातो. जो एकच झाड खातो आणि ते संपलं की उपाशी मरतो, असाच किडा चालतो. बाकीचे नाही चालत.

आता विचाराल, कुठं जमलं आहे काय? मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आपल्यासारख्याच लोकांची आहे. पापुआ न्यू गिनीमध्ये सेपिक नावाची मोठी नदी आहे. तिथले लोक लाकडाचे कोरीव डोंगे घेऊन मासेमारी करतात. १९७० च्या दशकात तिथं साल्विनिया नावाचं तरंगतं तण पसरलं, ही पण दक्षिण अमेरिकेतूनच आलेली. अडीचशे चौरस किलोमीटर पाणी झाकून गेलं. डोंगे हलेनात, लोकांना बाजारात, दवाखान्यात जाता येईना, काही गावं उठून गेली. १९८२-८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी त्या तणावरचा सिर्टोबॅगस नावाचा भुंगा तिथं सोडला. १९८५ पर्यंत अडीचशेचं दोन चौरस किलोमीटर राहिलं. त्या कामाला १९८५ मध्ये युनेस्कोचं विज्ञानाचं बक्षीस मिळालं.

यात एक गंमत आहे, ती आपल्या कामाची आहे. त्याआधी याच तणावर दुसरे किडे सोडून पाहिले होते आणि काही जमत नव्हतं. आफ्रिकेत नाही, केरळात पण नाही. केरळात १९७४ च्या सुमारास एक नाकतोडा सोडला होता, तो जगला पण तण काही हटलं नाही. कारण काय, तर तणाची ओळखच चुकली होती. ज्याला लोक एक जात समजत होते ती निघाली दुसरीच, तिला वेगळं नाव मिळालं ते १९७२ मध्ये. मग तिच्या खऱ्या मूळ जागी, ब्राझीलच्या दक्षिण-पूर्वेला, जाऊन शोधलं तेव्हा खरा वैरी सापडला. तो १९८०-८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला, तर साधारण वर्षभरात तलाव मोकळा. नंतर तोच केरळच्या कुट्टनाडात सोडला आणि तिथली आफ्रिकन पायल, लोक तिला हेच म्हणत, काही वर्षांत उतरली. डोंगे परत चालायला लागले, भातशेतीतला निंदणीचा खर्च वाचला. म्हणून म्हणतो, "कोणते तरी किडे आणून टाका" हे चालणार नाही. जलपर्णीचा भुंगा साल्विनियाला लागत नाही, साल्विनियाचा जलपर्णीला लागत नाही.

जवळचं उदाहरण पाहिजे असेल तर मध्य प्रदेश. कटनी जिल्ह्यातल्या पडुआ गावच्या तलावात साल्विनिया माजली होती. जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयानं २०१९ च्या डिसेंबरात तिथं हाच भुंगा सोडला, दीड वर्षात तलाव साफ. बैतूल जिल्ह्यातल्या सारणीला वीज केंद्राचा मोठा जलाशय आहे, नागपूरच्या वरच्या अंगाला. तिथं पण हीच साल्विनिया होती, लोक तिला चायनीज झालर म्हणायचे, आणि मासेमारी बसली होती. तिथंही त्यांनी हाच उपाय केला.

आणि आपल्या जलपर्णीचं? बेंगळुरूच्या तलावांत १९८० च्या दशकात नियोकेटिना सोडला तेव्हा दोन-चार वर्षांत तलाव उघडे झाले. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवर आहे, आपलं पोचंपाड त्याच्यापुढं डबकं वाटेल, तिथं १९९० च्या दशकात जलपर्णीनं बंदरं बंद केली होती. तिथं किनाऱ्यावरच्या मासेमारांनीच टाक्यांमध्ये भुंगे वाढवले आणि पाण्यात सोडले. १९९९-२००० पर्यंत बहुतेक थर गेला.

आता कडू भाग. तो लपवला तर उद्या तुम्हीच माझी कॉलर धराल.

व्हिक्टोरियात काही वर्षांनी मोठा पाऊस झाला, घाण आणि माती वाहून आली, आणि जलपर्णी परत आली. पहिल्यासारखी नाही, पण आली. आणि पहिल्या वेळी सगळं श्रेय भुंग्यांचंच होतं असंही नाही, १९९७-९८ च्या एल निनोच्या हवामानानं पण हात लावला होता असं जाणकार सांगतात. बेंगळुरूचा बेल्लंदूर तलाव तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला असेल, फेस आणि आग. शहराचं सांडपाणी येत राहिलं तर जलपर्णी एवढ्या वेगानं वाढते की भुंगे मागं पडतात. भुंगा झाडाला कमजोर करतो, खत थांबवत नाही. आपल्या तलावात वरच्या वस्तीची नाली येते. ती नाली तशीच सोडून नुसते भुंगे सोडले तर आपण दरवर्षी हेच बोलत बसू. ग्रामपंचायतीकडं याचा अर्ज वेगळा दिला आहे, पण अर्जानं नाली वळत नाही, तुमचं माणूस तिथं उभं राहावं लागतं.

दुसरं, वेळ. पहिल्या वर्षी तुम्हाला काहीच दिसणार नाही. एक पिढी व्हायला तीन-एक महिने लागतात. आधी पानावर ठिपके, मग झाडं ठेंगणी, फुलं कमी, मग थर तुटतो आणि बुडतो. दोन-तीन वर्षं धरून चला. आपल्याकडं थंडी कडक पडते, तेव्हा भुंगे सुस्त होतात. आणि उन्हाळ्यात तलाव आटला की काठावर झाडं वाळतात, त्यांच्या मुळावरचे कोष त्यांच्यासोबत मरतात. म्हणून सोडायचे ते पावसाळ्यात तलाव भरल्यावर, आणि उन्हाळ्यात खोल पाण्याच्या कोपऱ्यातली जलपर्णी हलवायची नाही. तो कोपरा भुंग्यांचं घर समजा.

तोवर काय उपाशी राहायचं? नाही. हे मी परवा सांगायच्या आत सभा उठली. तलावाच्या एका बाजूनं, जिकडं आपले डोंगे लागतात तिकडून, हातानं काढायची. थोडी थोडी, पट्ट्या-पट्ट्यानं. मधून वाट मोकळी झाली तरी जाळं लागतं. भंडारा-गोंदियाकडच्या ढीवर बायांनी हे करून दाखवलं आहे. तिथं जलपर्णी नव्हती, बेशरम होतं, तलावच्या तलाव बेशरमनं भरले होते. शालू कोल्हे यांच्यासारख्या बाया पुढं आल्या, मनीष राजनकर यांच्या संस्थेसोबत बेशरम मुळासकट उपटलं, आणि एवढ्यावर न थांबता पाण्यातल्या देशी वनस्पती परत लावल्या, कारण माशाला लपायला, अंडी घालायला काहीतरी पाहिजे. देशी मासा परत वाढला. बेशरमवर खाणारा भुंगा कोणाकडं नव्हता, म्हणून ते हातानंच झालं. आपल्याकडं तर दोन्ही आहे.

काढलेला पाला काठावर टाकून द्यायचा नाही, पावसानं परत पाण्यात जातो. खड्डा करून शेणासोबत कुजवला तर खत होतं. आपल्या सभासदांपैकी ज्यांच्याकडं शेत आहे त्यांना हे सांगायची गरज नाही, पण उचलून न्यायला ट्रॉली द्यायची गरज आहे, ते सांगतो.

एकानं विचारलं होतं, ग्रास कार्प सोडला तर नाही खाणार का? नाही. तो पाण्यात बुडालेली मऊ पाणवनस्पती खातो, जलपर्णीच्या जाड देठाला तोंड लावत नाही.

आणि कोणी उत्साहानं दुसऱ्या तलावातून भुंगेवाली जलपर्णी उचलून आणू नये, हात जोडून सांगतो. तिच्यासोबत साल्विनिया आली तर आपण एका दुखण्याला दोन करू. भुंगे पाळून देणाऱ्या सरकारी संस्था आहेत, बेंगळुरूचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आणि जबलपूरचं निदेशालय. रस्ता कृषी विज्ञान केंद्र आणि मत्स्य विभागामार्फत जातो. अर्जाचा मसुदा मी तेलुगूत आणि इंग्रजीत तयार केला आहे. त्यावर सोसायटीचा ठराव लागतो, आणि ठरावाला तुमचे हात.

त्याआधी एक काम आहे, त्याला पैसा लागत नाही. हे भुंगे देशात चाळीस वर्षं आहेत, कदाचित आपल्या तलावात थोडे असतीलही. रविवारी सकाळी ज्यांचे डोंगे पाण्यात जातील त्यांनी वेगवेगळ्या जागची दहा-दहा झाडं उचलून पाहावी. पानावर नखानं खरवडल्यासारखे बारीक चौकोनी-गोल ठिपके आहेत का, मधलं गुंडाळलेलं कोवळं पान उलगडलं तर आत भुंगा बसला आहे का, देठ उभं चिरलं तर पांढरट अळी आणि भुयार आहे का. फोटो काढा, कोणत्या बाजूची झाडं ते लिहा, आणि ग्रुपवर टाका. ज्या मावशींनी सभेत "आमी पाहू का बाप्पा, आमाले काय समजते" म्हटलं, त्यांनी पण पाहावं. मासा निवडताना त्यांची नजर आपल्यापेक्षा चांगली आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.

फवारणीवाल्याला मी महिनाभर थांब म्हणून सांगितलं आहे. पुढच्या सभेत दोन्ही ठराव समोर ठेवीन, फवारणीचा पण आणि भुंग्यांचा पण. बहुमत जिकडं जाईल तिकडं सोसायटी जाईल. फवारणीचा झाला तर त्यात एवढं लिहून घ्या की कपाशीचं नुकसान आणि मेलेला मासा कोण भरून देणार, आणि त्याच्या परवान्याची प्रत सोबत लावा. मग मी सही करतो.

ट्रॉली कोण देतं ते खाली कळवा.